आईची बीपीची गोळी वेगळी आहे, म्हणून हे लिहितेय

आईला फिओ आहे हे कळल्यापासून घरात रोज कुणीतरी काहीतरी सल्ला देतंय, सगळे प्रेमापोटीच बोलतात, पण या आजारात नेहमीचे बीपीचे नियम चालत नाहीत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, दुसऱ्या कुणाच्या घरी हेच निदान झालं असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

फिओ म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते त्यातली गाठ. ही गाठ अ‍ॅड्रिनॅलिन-नॉरअ‍ॅड्रिनॅलिन भसाभस रक्तात सोडते, मग बीपी एकदम चढतं, डोकं ठणकतं, छातीत धडधड, दरदरून घाम. सगळे म्हणायचे पाळी जायचं वय आहे, होतंच असं. शेवटी मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रिनॅलिन मोडून शरीरात जे बनतं त्याची) टेस्ट झाली, मग सीटी स्कॅन, तेव्हा कळलं.

गाठ काढायचीच आहे, पण लगेच नाही. ऑपरेशनमध्ये गाठीला हात लागला की तो सगळा हार्मोन एकदम सुटू शकतो, म्हणून आधी साधारण 7 ते 14 दिवस अल्फा ब्लॉकर देऊन रक्तवाहिन्या सैल करून घेतात. काहींना फिनॉक्सीबेन्झामिन देतात, काहींना डॉक्साझोसिन, आईला प्राझोसिन आहे. पहिला डोस अगदी कमी, तोही रात्री झोपताना, कारण पहिल्या डोसला किंवा डोस वाढवला की उभं राहताना चक्कर येऊन माणूस पडू शकतो. रात्री बाथरूमला जायचं असेल तर आधी पलंगाच्या कडेला जरा वेळ बसायचं आणि मला हाक मारायची, हे आईला बजावून ठेवलंय. बीपी बसून एकदा आणि उभं राहून एकदा मोजतो, दोन्ही वहीत लिहितो. आमच्या डॉक्टरांचं टार्गेट बसून 130/80 च्या खाली, आणि उभं राहिल्यावर वरचा आकडा 90 च्या खाली जाता कामा नये.

आता मिठाचं. मावशी आली की आईच्या ताटातलं लोणचं उचलून ठेवते, बीपीवाल्यांना मीठ बंद म्हणून. मावशी, इथे उलट आहे गं! इतके महिने आईच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या होत्या त्यामुळे आत रक्ताचं पाणीच कमी झालंय, आता गोळीने त्या उघडल्या की भरायला पाणी नको का, नाहीतर बीपी धाडकन खाली येईल, आणि गाठ काढल्यावर तर जास्तच. म्हणून डॉक्टरांनीच मीठ आणि पाणी दोन्ही वाढवायला सांगितलंय. अर्थात ज्यांना हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे मनाने करायचं नाही, त्यांचं गणित वेगळं.

धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल चांगलं, असं शेजारच्या काकांनी सांगितलं. प्रोप्रानोलॉल हा बीटा ब्लॉकर, आणि फिओमध्ये बीटा ब्लॉकर आधी घेणं सगळ्यात धोक्याचं आहे, हे मी ठळक करून सांगते. अ‍ॅड्रिनॅलिन काही रक्तवाहिन्या उघडायचंही काम करतं, ते बीटा ब्लॉकरने बंद होतं, आवळायचं काम तेवढं उरतं आणि बीपी आणखी चढतं. आधी अल्फा ब्लॉकर नीट लागू पडायला हवा, बीटा ब्लॉकर त्यानंतर काही दिवसांनी, आणि तोही डॉक्टरांना गरज वाटली तरच.

अजून एक गोष्ट कुणाच्या डोक्यातच येत नाही. आईच्या प्राझोसिनच्या गोळीने नाक चोंदतं. चोंदलं की आपण मेडिकलमधून सर्दीची गोळी आणतो, आणि त्यातल्या कितीतरी गोळ्यांमध्ये फिनाइलेफ्रिन असतं जे रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप चाललाय त्याच्या बरोबर उलट. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड पण नाही, त्याने फिओचा अटॅक, म्हणजे बीपी एकदम भडकणं, येऊ शकतो. म्हणून सध्या कुठलंही औषध, अगदी साधं वाटणारंसुद्धा, डॉक्टरांना फोन करूनच.

आईची गोळी एक्सएल आहे, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, ती चावायची-तोडायची-कुटायची नाही, अख्खी गिळायची. शौचातून कधी कधी गोळीचं रिकामं कवच पडतं, घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं. मेडिकलवाल्याने एक्सएलच्या जागी साधी प्राझोसिन दिली तर घेऊ नका, ती एकदम लागते. डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल नाही. लागोपाठ काही दिवस गोळी राहून गेली तर परत थेट मोठ्या डोसने सुरू करायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण पहिल्या डोससारखी चक्कर पुन्हा येऊ शकते.

हा आजार बऱ्याच जणांना आनुवंशिक असतो, म्हणून डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट सुचवलीय. मामा, तुझंही बीपी या आठवड्यात तपासून घे, आणि आकडा मला कळव.