अण्णांचं मशीन, माझा कॉम्प्युटर आणि मधले काही मिलिसेकंद

गेल्या जुलैत अण्णा, म्हणजे माझे सासरे, दवाखान्यातून घरी आले ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेवरचं मशीन, घेऊनच. फुप्फुसं थकलेली. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लिहून दिला होता, रात्रभर आणि दिवसाही बराच वेळ. आम्ही देवरुखजवळ राहतो. पावसाळ्यात इकडे तारेवर एक फांदी पडली की लाईट जाते, आणि रात्री पडली तर सकाळी कोणी लाईन धुंडाळत निघेपर्यंत येत नाही. आजवर लाईट जाणं म्हणजे पंखा बंद, डास आणि मेणबत्ती, एवढंच होतं. आता माजघरात एका माणसाचा श्वास प्लगला लावलेला होता.

घरात तेव्हा दोन यंत्रं होती. मी घरून कॉम्प्युटरवर पुस्तकांची अक्षरजुळणी करते, त्यासाठी टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस. आणि पडवीत दहा वर्षांचा जुना इन्व्हर्टर, पंखे आणि ट्यूबलाईट चालवणारा. माझ्या लेखी दोन्हींचं काम एकच: लाईट गेली की वीज द्यायची. एक लहान, एक मोठा.

तिसऱ्याच रात्री लाईट गेली. मशीनने अलार्म दिला. ते बसवायला आलेल्या मुलाने "जुन्या इन्व्हर्टरवर लावू नका" एवढं बजावलं होतं, का ते मी विचारलं नव्हतं. म्हणून टेबलाखालचा यूपीएस ओढून आणला आणि मशीनचा प्लग त्यात खुपसला. मशीन एकदा घुरघुरलं, यूपीएसने लांब, न तुटणारी शिट्टी वाजवली आणि दोन्ही बंद. मग अंधारात फक्त अण्णांचा श्वास ऐकू येत होता, घाईघाईचा. यांनी टॉर्च तोंडात धरून कोपऱ्यातल्या सिलिंडरची चावी फिरवली. 'मशीन असलं तरी एक भरलेला बी टाईप सिलिंडर घरात हवाच' असा डॉक्टरांचा आग्रह होता. त्यात साधारण १,५०० लिटर वायू असतो, दोन लिटरने बारा तास पुरतो. ती रात्र त्याच्यावर निघाली.

सकाळी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी यूपीएस उलटा करून मागचं बारीक अक्षर दाखवलं: ६०० व्हीए, ३६० वॉट. मी ६०० आकडा पाहून निर्धास्त होते, पण यंत्राचा भार पाहायचा तो वॉटच्या आकड्याशी. अण्णांचं मशीन चालू असताना ३३० वॉटच्या आसपास घेतं, पण त्यातला कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. तिथेच यूपीएस बसला. आणि समजा, त्याने भार उचलला असता तरी आत बॅटरी होती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास. म्हणजे काही मिनिटांचा खेळ.

"वहिनी, यूपीएस वाईट नाही," काका म्हणाले. "त्याला जे काम दिलंय ते तो करतो. तुम्ही त्याला दुसरंच सांगितलंत."

ते काम काय, हे त्यांनी समजावलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा लहरते, म्हणजे एक लहर २० मिलिसेकंदांची. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये जी थोडी ऊर्जा साठलेली असते ती जेमतेम एवढाच वेळ पुरते. लाईट जाणं आणि बॅटरीची वीज येणं यात त्याहून मोठी फट पडली की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सेव्ह न केलेली पानं गेली. टेबलाखालचा साधा यूपीएस ही अदलाबदल साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत करतो, कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. साध्या इन्व्हर्टरला यापेक्षा बराच जास्त वेळ लागू शकतो. पंखा आणि बल्ब तेवढं सहन करतात, बल्ब फार तर लुकलुकतो. (ऑनलाईन यूपीएस म्हणून एक प्रकार असतो, त्यात अशी फटच नसते, कारण तो यंत्राला सतत स्वतः तयार केलेली वीज देत राहतो. तो महाग असतो आणि आम्हाला त्याची गरज नव्हती.)

म्हणजे माझ्या कॉम्प्युटरला अर्ध्या क्षणाचाही खंड चालत नाही, पण पंधरा मिनिटं वीज मिळाली तरी पुष्कळ. अण्णांना काही सेकंदांचा खंड चालतो, पण वीज रात्रभर हवी. दोन वेगळ्या गरजा, आणि मी त्या एकाच डब्यात शोधत होते.

जुना इन्व्हर्टर का नको, तेही कळलं. तो स्क्वेअर वेव्ह होता. लाईनची वीज गोलाईने चढते-उतरते, त्याची वीज पायऱ्यांसारखी. त्यावर मोटर गुंगुं करते, तापते. कॉन्सन्ट्रेटरमध्ये मुख्य काम मोटरचंच. हे ऐकताना माझं एक जुनं कोडं सुटलं. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू असायचा, ट्यूब लागलेली असायची, तरी माझा यूपीएस बीप-बीप करत राहायचा आणि थोड्या वेळाने मान टाकायचा. मी त्याची बॅटरी दोनदा बदलली. बॅटरी चांगलीच होती! ती पायऱ्यांची वीज यूपीएस लाईन म्हणून स्वीकारतच नव्हता, आणि इन्व्हर्टर चालू असतानाही स्वतःच्या बॅटरीवरच चालत होता. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले ते मला अजून लागतं.

दुकानात गोंधळ वाढला. घरगुती इन्व्हर्टरच्या खोक्यांवरही 'होम यूपीएस' छापलेलं असतं. दुकानदार म्हणाला, एक १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी घ्या, रात्र निघेल. काका सोबत होते म्हणून बरं. त्यांनी बिलाच्या मागे हिशोब मांडला. १२ गुणिले १५०, १,८०० वॉट-तास. त्यातले काही रूपांतरात जातात, बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, आणि छापलेली क्षमता वीस तासांत हळूहळू वापरली तरची असते, भरभर ओढली की कमी मिळते. मशीन, पंखा, दोन बल्ब, राऊटर मिळून आमचा रात्रीचा लोड ४३० वॉट. एका बॅटरीवर दोन-अडीच तास. म्हणून दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाईनसारखीच गोलाईची वीज देणारा, इन्व्हर्टर घेतला.

बॅटऱ्या कुठे ठेवायच्या यावर काका अजिबात ऐकेनात. मला त्या माजघरात, अण्णांच्या खोलीशेजारी हव्या होत्या, वायर कमी लागेल म्हणून. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि आतल्या खोलीत ऑक्सिजन चालू. ठिणगीला दोन्ही नकोत. बॅटऱ्या पडवीतच बसल्या, जाळीच्या खिडकीखाली. तिथून अण्णांच्या खोलीत एक स्वतंत्र लाईन ओढली. फ्रीज, पंप, इस्त्री यांचा त्या लाईनशी संबंध ठेवला नाही. माझ्या कॉम्प्युटरला मात्र त्यावर एक सॉकेट दिलं.

मग चाचणी. अण्णांना सिलिंडरवर घेतलं, कॉम्प्युटर चालू ठेवला आणि काकांनी मेन स्विच पाडला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मला रडूच यायचं बाकी होतं. काकांनी इन्व्हर्टरच्या मागची छोटी कळ दाखवली: एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. ती नॉर्मलवर होती. यूपीएस मोडवर केली, मेन पुन्हा पाडला. या वेळी स्क्रीनवरचा कर्सर लुकलुकत राहिला आणि मशीनचा आवाजही बदलला नाही.

आठवडाभराने नवीनच प्रकार. संध्याकाळी लाईट असतानाही इन्व्हर्टर बॅटरीवर जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा, आणि रात्री दहाला बॅटरी अर्धी. यूपीएस मोडवर इन्व्हर्टर नाजूक यंत्रांसाठी व्होल्टेज काटेकोर मागतो. आमच्या इन्व्हर्टरवर १८० च्या खाली वीज आली की तो लाईन सोडतो, नॉर्मलवर तो बरंच खालचं व्होल्टेजही चालवून घेतो. काकांनी सात वाजता मीटर लावला: १७४. वाडीच्या टोकाला आमचं घर, सगळ्यांचे पंप आणि दिवे एका वेळी. कळ नॉर्मलवर करणं सोपं होतं, पण मग तेच १७४ व्होल्ट अण्णांच्या मशीनला मिळाले असते, आणि तेही त्याला सोसणारं नाही. शेवटी इन्व्हर्टरच्या आधी व्होल्टेज सावरणारा स्टॅबिलायझर बसवला, लोड आणि चार्जिंग दोन्ही धरून मोठ्या क्षमतेचा. हा खर्च आम्ही धरलेलाच नव्हता.

जुना छोटा यूपीएस मी टाकला नाही. आता तो नव्या इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आहे, साइन वेव्ह असल्यामुळे तक्रार करत नाही. बॅटऱ्या संपून इन्व्हर्टर बंद पडला तर पानं सेव्ह करण्यापुरता वेळ तो देतो. लेझर प्रिंटर त्याला जोडत नाही, त्यातला हीटर एका झटक्यात एवढी वीज ओढतो की यूपीएस आडवा होईल.

एका रविवारी आम्ही मुद्दाम दिवसा मेन बंद करून रात्रीच्याच लोडवर इन्व्हर्टर चालवून पाहिला. चार तास पन्नास मिनिटं. त्यानंतर बॅटऱ्या पूर्ण भरायला संध्याकाळ उलटून गेली, आणि तेव्हा लक्षात आलं की पावसात एका दिवसात दोनदा लाईट गेली तर दुसऱ्या वेळी हे चार तास मिळणार नाहीत. म्हणून एकाऐवजी दोन सिलिंडर ठेवले.

पडवीतल्या भिंतीवर आता एक वही टांगली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला डिस्टिल्ड वॉटरची पातळी, सिलिंडरच्या काट्याचं माप आणि मेन पाडल्यावर मशीन थांबलं की नाही, हे लिहिते. नोंद झाली की अण्णा वही मागवून घेतात, चष्मा लावून वाचतात आणि खाली सही करतात.