न रंगवलेले चाक

भोसरीतील एका फाउंड्रीच्या तपासणी विभागातून निवृत्त झाल्यापासून मी घरामागच्या पडवीत जुन्या मोटारींची अलॉय चाके नव्याने रंगवून देतो. गेल्या महिन्यात १९९६च्या मर्सिडीज ई २२०ची, स्टेपनीसह पाच चाके आली. टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या आवारात १९९५पासून जुळणी झालेल्या डब्ल्यू १२४ मालिकेतल्या मर्सिडीज गाड्यांपैकीच ती एक होती. वडिलांनी घेतलेली आणि मुलाने जपलेली. चाके उतरवताना मालक सहज म्हणाले, “काका, पुढच्या डाव्या चाकात दर आठवड्याला हवा भरावी लागते. व्हॉल्व्हही बदलून पाहिला.”

रंग काढण्याची घाई करणारे कारागीर चाक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात, आणि तो सोडा रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो. मी रिमूव्हरचा जाड थर देऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने रंग खरवडतो आणि मग क्रमाक्रमाने बारीक पेपर मारतो. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो, म्हणून पेपर मारलेले चाक रात्रभर तसेच न ठेवता त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर द्यावा लागतो. बोल्ट बसतात त्या पाच खोलगट जागा आणि हबला टेकणारी मागची बाजू मी कटाक्षाने झाकतो, कारण तिथे चढलेला रंग दाबाखाली चेपला, की ११० न्यूटन-मीटरला आवळलेला बोल्टसुद्धा ढिला पडू शकतो. ग्राहक मात्र चकाकीखेरीज कशाचीच चौकशी करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चार चाके मनासारखी झाली. पाचवे, म्हणजे तेच हवा सोडणारे चाक खरवडताना आतल्या कडेजवळून पुट्टीची खपली निघाली आणि तिच्याखाली ग्राइंडरने सपाट केलेले वेल्डिंग दिसले. मी जागा स्वच्छ करून बारीक भेगेत शिरणारे लाल द्रव, म्हणजे पेनेट्रंट मारले, पंधरा मिनिटांनी पुसले आणि भेगेत उरलेले ते द्रव वर ओढून दाखवणारी पांढरी पूड, म्हणजे डेव्हलपर फवारला. थोड्याच वेळात वेल्डिंगच्या टोकापासून चाकाच्या मध्याकडे जाणारी, चार बोटे लांबीची लाल रेष उमटली. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या धातूचे गुणधर्म बदलतात, आणि भेग तिथूनच पुढे सरकली होती. ज्याने ही भेग पुट्टीने लिंपून वर चंदेरी रंग दिला, त्याला मी कारागीर म्हणणार नाही.

मालकांना मी ती रेष दाखवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “चार चांगली आहेत ना? हे स्टेपनी म्हणून डिकीतच राहील. नुसता रंग तरी द्या.” मी सांगितले की, स्टेपनी बाहेर निघते तीच मुळी अडचणीच्या वेळी, बहुधा रात्री आणि घरापासून लांब, आणि त्यावर रंग चढवणे मला जमणार नाही. त्यांनी चार चाकांचे पैसे दिले आणि पाचवे परत नेले.

परवा त्यांनी आपण होऊन डिकीचा फोटो पाठवला. पाचही चाके आता एकाच चंदेरी रंगाची आहेत.

फाउंड्रीत तपासणीत नापास झालेले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आम्ही घणाने फोडूनच पुन्हा भट्टीत पाठवत असू, जेणेकरून ते चुकूनही चांगल्या मालात मिसळू नये. हे चाक माझे नव्हते, त्यामुळे ते फोडण्याचा अधिकार मला नव्हता, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिले आहे. पण वस्तू स्वच्छ करूनच परत द्यायची, या सवयीने मी त्या दिवशी डेव्हलपरची पांढरी पूड आणि तिच्यावरची लाल रेष थिनरच्या फडक्याने पुसून, मगच ते चाक त्यांच्या हाती दिले होते.