नवं फेकलं, जुनं ठेवलं

गाडी आली ती बेअरिंगसाठी नव्हतीच. पुढचं डावं चाक खड्ड्यात जोरात आपटलं होतं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढत होतं. अलाइनमेंटला लावल्यावर दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर झुकण्यात) जवळजवळ २ अंशांचा फरक दिसला. सस्पेन्शनचा स्ट्रट सरळ, लोअर आर्म सरळ, वाकलं होतं ते नकल, म्हणजे चाकाचा हब आणि बेअरिंग धरून ठेवणारा भाग. ते बदलणं आलं. मालकांचं म्हणणं होतं, "त्यातलं बेअरिंग १२ हजार किलोमीटरपूर्वीच टाकलंय, आवाजही नाही. तेच नव्या नकलमध्ये बसवा." मागचे ब्रेक शू बदलायचे होते. तिथली टेपर रोलर बेअरिंग (बॉलऐवजी निमुळते रोलर असलेली) ९० हजार किलोमीटर चाललेली. त्यांच्याबद्दल हुकूम होता, "ती संपलीच असतील, बदलून टाका."

खोलायच्या आधी पुढचं चाक उचलून तपासलं, कारण एकदा खोललं की आधी काय स्थिती होती हे कळायला मार्ग उरत नाही. वर-खाली धरून हलवलं, प्ले (ढिलेपणा) शून्य. (प्ले असता तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. दाबल्यावर गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा.) मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं. खराब बेअरिंगची खरखर कानाला कळायच्या आधी स्प्रिंगमधून बोटांना कळते. काहीच नाही, चाक गुळगुळीत फिरत होतं.

तरीही हे बेअरिंग परत वापरता येणार नव्हतं, आणि याचं कारण त्याच्या वयात नाही, काढण्याच्या पद्धतीत आहे. बॉल ज्या दोन कड्यांमध्ये फिरतात त्या रेस. बाहेरची रेस नकलमध्ये घट्ट दाबलेली, सर्कलिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेली. आतली रेस हबवर घट्ट. हब पुलरने ओढला की सगळा जोर आतल्या रेसकडून बॉलवर आणि बॉलकडून बाहेरच्या रेसवर जातो. बॉल आणि रेस टेकतात ती जागा ठिपक्याएवढी. काही टनांचा दाब त्या ठिपक्यांवर आला की रेसमध्ये बॉलच्या अंतराअंतरावर खळगे पडतात. बऱ्याचदा ते डोळ्यांना दिसतही नाहीत, पण बसवल्यावर थोड्याच दिवसांत घरघर सुरू होते. शिवाय आतली रेस दोन तुकड्यांची असते, आणि तिचा बाहेरचा तुकडा बहुतेक वेळा हबबरोबरच निघून येतो. इथेही आला. सील फाटलं, बॉल ट्रेमध्ये. वाद तिथेच मिटला.

चार बोल्टने मागून आवळलेलं हब युनिट असतं तर गोष्ट वेगळी होती. ते हातोडा न मारता सुटलं तर बॉलवर जोर येत नाही, आणि चांगलं असेल तर परत लागतं. गंजून अडकलं म्हणून फ्लँजवर घण घातले, की तेही बाद. या गाडीत मात्र नकल वाकण्याइतका धक्का बसला होता, त्यामुळे तसं युनिट असतं तरी मी ते ठेवलं नसतं.

हबवर अडकलेला रेसचा तुकडा ग्राइंडरने तिरपा कापायचा, पण आरपार नाही. थोडी जाडी राहिली की छिन्नीचा एक घाव घालायचा, रेस तडकते आणि सरकते. हबच्या जर्नलला (रेस बसते त्या दंडगोल भागाला) चरा पडला तर हबही बदलावा लागतो. नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना प्रेसचा जोर फक्त बाहेरच्या रेसवर, आणि पुढे हब दाबताना आतल्या रेसला खालून नळीचा आधार. हे उलटसुलट झालं तर नवं बेअरिंग प्रेसवरच मरतं. बेअरिंगची एबीएससाठीची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठीची) चुंबकीय बाजू सेन्सरकडे हवी. टाचणी जवळ नेली की कोणती बाजू ते लगेच कळतं, लोखंडाचा कीस मात्र तिथे लागू द्यायचा नाही. ॲक्सल नट नवा घेऊन टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या आकड्यावर आवळला. तो आवळेपर्यंत गाडी चाकांवर उतरवायची नाही, कारण रेसचे दोन तुकडे त्या नटानेच एकत्र दाबून धरलेले असतात.

आता मागचं. टेपर बेअरिंगमध्ये ड्रम ओढल्यावर रोलरवर जोर येत नाही, कप (बाहेरची रेस) हबमध्ये राहतो आणि कोन (रोलरांसकट आतली रेस) हातात येतो. म्हणून इथे बघून ठरवता येतं. रॉकेलमध्ये धुऊन कापडाने पुसली. हवेच्या नळीने गरगर फिरवायची खोड अनेकांना असते. कोरडे रोलर घासतात, आणि रोलर धरून ठेवणारी जाळी तुटली तर रोलर गोळीसारखा उडतो.

डावीकडच्या रोलरवर पिवळसर तपकिरी झाक होती. ती उष्णतेची की ग्रीसची? कापड रॉकेलमध्ये बुडवून जोर लावून घासलं तर निघाली, म्हणजे ग्रीसचा थर. तापून आलेला निळा-जांभळा रंग निघत नाही आणि असं बेअरिंग ठेवायचं नसतं. कपवर एकसारखा राखाडी पट्टा, नख फिरवलं तर कुठे अडकलं नाही, जाळी घट्ट. ठेवलं. कोन कुठल्या कपमधला, हे मात्र सांभाळलं. एकमेकांत घासून बसलेली जोडी तोडायची नसते.

उजवीकडे सील कडक होऊन पाणी शिरलेलं, ग्रीस दुधाळ. आतल्या कपवर रोलरच्या अंतराने आडवे काळे डाग, दोन ठिकाणी नख अडकलं. गाडी उभी असताना पाणी रोलरखाली साचतं, त्याचेच हे डाग. ते कोन-कप दोन्हीसह बदललं. बाहेरचं छोटं बेअरिंग अडचणीचं होतं. डाग पुसट, नखाला काही लागत नव्हतं. पण तेच पाणी त्यातही फिरलेलं, म्हणून तेही काढलं. यावर दुसरा कारागीर वेगळं म्हणू शकेल.

नवे कप ठोकताना जुनाच कप बाहेरून थोडा घासून आधाराला घेतला. पूर्ण बसला की ठोक्याचा खणखणाट बद्द होतो. ग्रीस एनएलजीआय २ दर्जाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा), तळहातावरून रोलरांमध्ये दाबून पलीकडून बाहेर येईपर्यंत भरलं, हबची पोकळी मात्र तिसरा भागच. दोन्हीकडे सील नवं. ड्रम फिरवत नट सुमारे २५ न्यूटन-मीटरला आवळला, मग सैल करून बोटाने टेकवला. डायल गेजवर प्ले ०.०३ ते ०.१० मिलिमीटर हवा होता, डावीकडे ०.०६ आला, उजवीकडे ०.०५. "घट्ट बरं" म्हणून दाबून ठेवलेलं टेपर बेअरिंग तापून जळतं. नवी स्प्लिट पिन घातली.

मालकांनी जुने भाग मागितले. उजवीकडच्या त्या छोट्या बेअरिंगची जाळी देण्याआधी छिन्नीने चेपली, कारण धुतल्यावर ते अगदी चांगलं दिसत होतं.