वाटेतच तर आहे

परवा दुपारी जेवण आटपून कूलरसमोर जरा आडवी झाले होते, तेवढ्यात माहेरच्या ग्रुपवर पोल आला. भाच्याने टाकलेला. दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून कुठे जायचं? पर्याय चार: लेह, वायनाड, अंदमान, आणि चौथा म्हणजे "कुठेही चला पण चला". पाच मिनिटांत काकांनी चारही ठिकाणी मत देऊन टाकलं. त्या पोलमध्ये एकापेक्षा जास्त टिक करता येतात हे बाकी कोणाच्या लक्षातही नव्हतं, काकांनी बरोबर शोधलं. वहिनीने वायनाडला दिलं, मग काढलं, मग अंदमानला दिलं, मग तेही काढलं आणि एक हात जोडलेला इमोजी टाकून गप्प बसली.

लेह कोणी सुचवलं देव जाणे. दिवाळीनंतर मनालीकडून जाणारा रस्ता बर्फाने बंद व्हायला लागतो, म्हणजे विमानच, आणि विमानाने एकदम साडेतीन हजार मीटरवर उतरलं की पहिले दोन दिवस काही करायचं नसतं, हवेची सवय होईपर्यंत खोलीत पडून राहायचं. दादाने लिहिलं, "झोपायला लेहला कशाला, इथे इंदूरला सुदामा नगरात झोपतो की." झालं, लेह बाद.

मी काकूंना फोन केला, म्हटलं काकांना खरंच चारही ठिकाणी जायचंय का? काकू हसल्या. म्हणाल्या, "कुठे जायचंय गं त्यांना, गुडघे कुठे चालतात. पण मत नाही दिलं ना, तर पुढच्या वेळी विचारतच नाहीत."

आता यावर मी काय बोलणार. मी विषय बदलला, पोह्यांवर आणला.

तर ठरवणं. आमच्या घरात जाण्यापेक्षा ठरवणं नेहमी मोठं असायचं आणि ते ठरवायची आजी. तिला नकाशा वाचता येत नव्हता, पण भारताचा सगळा भूगोल तिने एका वाक्यात बसवला होता, "वाटेतच तर आहे". बाबांनी कुठलंही गाव काढू दे, त्याच्या वाटेत जेजुरी असायची. आमचं कुलदैवत खंडोबा, होळकरांचंही तेच, त्यामुळे आजी जेजुरीबद्दल असं बोलायची की राजवाड्याशी आपलं दुरून का होईना नातं आहे. इंदूरच्या मराठी घरांत हे चालतंच, पिढ्या इथे गेल्या पण देव तिकडेच राहिले. कोणाचं तुळजापूर, कोणाचं कोल्हापूर, कोणाची तर मंगेशी थेट गोव्यात. दर दोन-चार वर्षांनी तिकडे तोंड दाखवून यायचं, आणि एवढं लांब जातोच आहोत तर मग आणखी काय काय होतं तेही करून यायचं. याला आम्ही सहल म्हणायचो.

त्या वर्षी मात्र बाबांनी जाहीर केलं, गोवा. समुद्र. पोरांनी समुद्र बघितलेला नाही. पश्चिम रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल आणलं आणि पंधरा दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर लाल पेन घेऊन त्यात गाड्या जुळवत बसले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, त्यामुळे आमचा रस्ता असा: इंदूरहून छोट्या लाइनने, म्हणजे मीटरगेजने, महू, घाट उतरून नर्मदेवरून खंडवा, तिथे सामान डोक्यावर घेऊन मोठ्या लाइनवर, म्हणजे ब्रॉडगेजवर, जायचं, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, पुढे मिरज, आणि मिरजेला परत छोटी लाइन पकडून दूधसागरच्या धबधब्याशेजारून वास्को. छोटी, मोठी, छोटी. बाबांना तो नकाशा इतका आवडला होता की मला वाटतं गोव्यापेक्षा त्यांना ते मिरजेचं गाडी बदलणंच बघायचं होतं.

आजी ऐकत होती. म्हणाली, "भुसावळ लागतंय ना वाटेत? मग आत्याकडे एक रात्र उतरू." आत्याचे यजमान रेल्वेत, क्वार्टर स्टेशनला लागूनच, नाही कसं म्हणणार. एक रात्र म्हणून उतरलो, तर आत्याने भरीत-पुरीचा घाट घातला आणि तिथे मुक्काम वाढला. पुण्यात मावशी होतीच. मावशीची मुलं आमचं मराठी ऐकून तोंडावर हात ठेवून हसायची, आम्ही "अपनला काय फरक पडतो" म्हटलं की त्यांचं सुरू, आणि मग मी मुद्दाम दर वाक्याला "भिया", म्हणजे आमचं इंदुरी "भैया", लावायची. मग जेजुरी, ती तर पुणे-मिरज लाइनवरच आहे, अगदी खरोखर वाटेत, तिथे आजीचं काही चुकलं नव्हतं. पायऱ्या चढताना भंडारा असा उधळला की माझा फ्रॉक पुढे कधीच पूर्ण पांढरा झाला नाही. आणि मग मिरजेला पोचल्यावर आजी म्हणाली, "एवढं आलोच आहोत तर कोल्हापूरची अंबाबाई. पन्नास किलोमीटरसुद्धा नाही, वाटेतच तर आहे."

कोल्हापूर वाटेत नाही. मिरजेहून गोव्याला जाताना गाडी दक्षिणेला बेळगाव, लोंड्याकडे जाते आणि कोल्हापूर राहतं पश्चिमेला. बाबांनी तिला टाइमटेबलमधला नकाशा काढून दाखवला. आजीने नकाशा बघितला, नीट बघितला, आणि म्हणाली, "मग वाट जरा इकडून घ्या."

कोल्हापूरला बाबांची रजा संपली. आम्ही तिथूनच मागे फिरलो. पोरांनी समुद्राऐवजी रंकाळा तलाव बघितला, आणि धाकट्याला बरीच वर्षं कोणी सांगितलंच नाही की तो समुद्र नव्हता.

हे सगळं मी हळवं होऊन सांगतेय असं वाटेल, तर तसं काही नाही. सतरंजी, माठ, लोखंडी ट्रंका, खंडव्याला मध्यरात्री गाडी बदलायला स्टेशनच्या पुलावरून धावणं, यातलं मला काहीही परत नकोय. मागे इंदूरहून सरळ विमानाने गोव्याला गेलो, दोन तासही लागले नाहीत, वर सँडविच खाल्लं, खाली उतरलो, समोर समुद्र. मला खूप आवडलं. फक्त तिसऱ्या दिवशी बीचवरून हॉटेलला परत येताना गाडीत मागे बसलेली आई म्हणाली, "मंगेशी इथे वाटेतच असेल ना कुठे?" मी मोबाइलवर बघितलं, वाटेत नव्हतं, उलट्या बाजूला आत फोंड्याच्या अंगाला होतं. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. गेलो. छान आहे देऊळ, दीपमाळ तर फारच देखणी.

विमानाचं एक आहे, त्याला वाट नसते. म्हणून तर आता ठिकाण निवडायला इतका त्रास होतो. पूर्वी जायचं कुठे याला फार महत्त्व नव्हतं, कारण तिथे पोचलो नाही तरी अर्धं बघून व्हायचं. आता सगळी मदार त्या एका ठिकाणावर, आणि ते पसंत पडलं नाही तर सगळंच फुकट. म्हणून मग रात्र रात्र रील्स बघायच्या, हॉटेलच्या खिडकीतून काय दिसतं ते बघायचं, तिथल्या बाथरूमचेसुद्धा फोटो बघायचे. आणि एवढं करून घरातल्या प्रत्येकाचा हिशोब वेगळाच. दादा तिकिटाची किंमत बघतो. वहिनी तिथे चढ किती ते बघते. आमचे काका एकच विचारतात, "नाश्त्याला काय?" वायनाडला पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला करी असते म्हटलं तर म्हणाले, "बरं. सेव आपली नेऊ." सेव तर जाणारच. इंदूरचा माणूस चंद्रावर गेला तरी खिशात जीरावण मसाल्याची पुडी असणार.

त्यात रेल्वेने रिझर्वेशन आता साठच दिवस आधी उघडायचं केलं, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी १२० दिवस होतं. काकांना वाईट वाटलं, म्हणाले माणसाने चार महिने आधी तिकीट काढून फ्रीजवर लावावं आणि रोज बघावं. मला वेगळंच वाटतं, चार महिने आधी तिकीट हातात आलं की भांडणं लवकर मिटायची. आता तिकीटच मिळत नाही म्हणून भांडायला मोकळा वेळ जास्त.

आणि आपल्या बाजूचं कोण बघतं? मांडू इथून शंभर किलोमीटर, पावसाळ्यात जहाज महालाच्या दोन्ही अंगांना तळी भरलेली, वर ढग खाली उतरलेले, रस्त्यावर त्या गोरख चिंचेच्या, म्हणजे बाओबाबच्या, सुजलेल्या बुंध्यांची झाडं जी मुळात आफ्रिकेतली. आम्ही मांडूला जातो, पण पुण्याचे पाहुणे आले की. महेश्वरला जातो, पाहुण्यांना साडी घ्यायची असली की. अहिल्याबाईंनी काशीपासून कुठे कुठे घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या, लोकांच्या प्रवासाची एवढी सोय दुसऱ्या कोणी केली नसेल, आणि त्यांच्याच गावी नुसतं नर्मदेत पाय सोडून बसायला म्हणून आम्ही इंदूरचे लोक कधी गेलो तर विचारा. सराफ्यात रात्री बारा वाजता खायला मात्र रोज जाऊ.

ती छोटी लाइन म्हणजे खंडव्याहून इंदूरला येणारी, तीही होळकरांनीच आणली. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, आणि मुदत किती, तर १०१ वर्षं. आमच्या घरात दिवाळीनंतरचं ठरत नाही, या माणसाने १०१ वर्षांचं ठरवलं. बरं, घाटात चढ एवढा की परत येताना गाडीला मागून दुसरं इंजिन लावायचे, ते ढकलायचं आणि पुढचं ओढायचं, आणि बोगद्यात सगळी पोरं एका सुरात किंचाळायची. कालाकुंडला गाडी थांबायची. स्टेशन एवढुसं, गाव त्याहून एवढुसं, पण प्लॅटफॉर्मवर पळसाच्या पानाच्या दोन्यातून कलाकंद विकायला यायचे. बाबा उतरायचे, आम्ही खिडकीच्या गजाला नाक लावून बसायचो, इंजिनची शिट्टी झाली की आईचा जीव वर-खाली, बाबा चालत्या गाडीत दोने सांभाळत चढायचे, दर वेळी. कालाकुंडला "जायचं" असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते वाटेत होतं.

आता ती छोटी लाइन मोठी होतेय, नवी वाट दुसरीकडून काढली आहे. जुन्या घाटातला तुकडा तेवढा ठेवलाय, पातालपानी ते कालाकुंड, जेमतेम दहा किलोमीटर, त्यावर २०१८ च्या डिसेंबरपासून हेरिटेज ट्रेन सुरू झाली. मोठ्या काचांचा डबा असतो. लोक शनिवार-रविवारी मुद्दाम जातात, पावसाळ्यात तर सीट मिळणं मुश्किल. म्हणजे जे वाटेत होतं त्याचंच आता ठिकाण झालं, आणि पुढची वाट बंद झाली.

मागच्या पावसाळ्यात भाच्याला आणि माझ्या लेकीला घेऊन गेले. पातालपानीचा धबधबा, बोगदे, धुकं, सगळं होतं, किंचाळायचं मला सांगावं लागलं पण मग जमलं त्यांना. कालाकुंडला गाडी थांबली, लोक उतरून सेल्फी काढायला लागले. भाच्याने पुढे जाणाऱ्या रुळांकडे बघत विचारलं, "आत्या, ये आगे कहाँ जाती है?" मी सांगायला लागले, चोरल, बडवाह, मग नर्मदेचा पूल, तिथे सगळे खिडकीतून नाणी टाकायचे, मग सनावद, खंडवा, भुसावळला आमची आत्या... तोपर्यंत तो कलाकंदवाल्यापाशी पोचला होता.

जायचं असेल तर जा, पावसाळ्यातच जा. आणि कलाकंद माणशी एक दोना घ्या, दोघांत एक घेऊ नका, परतीचा घाट लांब आहे आणि भांडणं होतात.