शेवळांच्या दिवसांतला हजेरीपट

पहिला पाऊस पडला की ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात शेवळं ही रानभाजी दिसू लागते. तपकिरी-जांभळट कोंबांच्या जुड्या, शेजारी त्या भाजीत घालायची हिरवी, बोराएवढी रानफळं म्हणजे काकडं आणि गोणपाटावर बसलेली शहापूर-मुरबाडकडची बाई. भाव ठरला की आपण चार काकडं वर मागतो. त्याच सुमारास, १५ जूनला, शाळा उघडतात. आसनगावच्या पुढे डोंगरालगतच्या एखाद्या आदिवासी पाड्यावर, द्विशिक्षकी शाळेत, ठाण्याहून नव्याने जाऊ लागलेले गुरुजी हजेरीपटात गैरहजेरीच्या, वर्षातल्या पहिल्या फुल्या मारत असतात. शेवळं आणि फुल्या एकाच पावसाने उगवतात, हे कळायला बहुधा अख्खं वर्ष जातं.

हजेरीपट ही तशी गर्विष्ठ वस्तू. डावीकडे नावं, वर तारखा, आणि जे मूल चौकटीत नाही ते कुठेच नाही, असा तिचा ठाम समज. प्रत्यक्षात तिसरीतली मुलगी त्या दिवशी आईबरोबर रानात असते आणि तिथे तिची परीक्षा कडक असते. शेवळाचं पान नंतर येतं, आधी नुसतं फूल जमिनीतून वर येतं. ते उमलायच्या आत ओळखायचं, हाताने मोडून घ्यायचं, कांदा उकरायचा नाही. उकरला तर पुढच्या वर्षी त्या जागी काही नाही. घरी आल्यावर वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळसर भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं. हाताला आधी तेल. जुडीला आठ-दहा काकडं ठेचून, उकळून, त्यांचा कोळ भाजीत घालायचा. काकडात कंजुषी केली किंवा तो पिवळा भाग राहिला, तर घसा असा खाजतो की जेवण तिथेच थांबतं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे गुरुजींना ठाऊक असतं. त्यावर काय करायचं हे मुलीला. विज्ञानाचा तास इथून सुरू केला तर छानच होतो, फक्त फळ्याजवळ कोणी उभं राहायचं एवढंच ठरवावं लागतं.

भाषेचंही तेच. या भागातल्या बऱ्याच बोलींत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. वहीत ‘डोला’, ‘पानी’ दिसलं की नव्या माणसाचा लाल पेन आपोआप उघडतो. पण मूल चुकत नसतं, ते आपल्या बोलीचा नियम काटेकोर पाळत असतं. पहिले दोन-तीन महिने दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत, ‘घरचा’ आणि ‘पुस्तकातला’ असे. लाल गोल मारले की मूल लिहायचं थांबतं, आणि मग बोलायचंही.

देवाच्या बाबतीत शहरी माणूस जास्त अडखळतो. देऊळ नाही, घंटा नाही. झाडाखाली शेंदूर फासलेली फळी किंवा दगड, त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. तो वाघदेव. आश्विन वद्य द्वादशीला ठाण्यात वसुबारस असते, गाय-वासराची पूजा. त्याच तिथीला पाड्यांवर वाघबारस. एकीकडे वासराला हात जोडतात, दुसरीकडे त्या वासराला खाऊ शकणाऱ्याला. रानात गुरं ज्याच्या भरवशावर सोडायची त्याच्याशी सलोखा ठेवणं याला भाबडेपणा म्हणायला मी तरी तयार नाही. कित्येक घरांत रानातली नवी भाजी आणि नवं भात आधी देवाला दाखवतात, तोवर कोणी तोंडात घालत नाही. तेव्हा नव्या गुरुजींनी पहिल्या सत्रात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द दप्तरातच ठेवावा. फळीसमोरून जाताना चपला काढाव्यात, फोटो काढू नये, प्रसाद दिला तर घ्यावा. ‘हा खरा कोणता देव?’ असं तर विचारूच नये.

एका ठिकाणी मात्र नम्रता बाजूला ठेवायची. साप चावला तर भगताचा, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूचा, मान नंतर राखता येतो. मूल आधी दवाखान्यात. चावलेला अवयव हलवायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, १०८ला फोन करायचा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघायचं. भगतालाच गाडीत बसवून घेतलं तर घरचे लवकर निघतात.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली की पट भरतो आणि दिवाळीनंतर पुन्हा ओस पडतो. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली उचल फेडायला कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. सुट्टी लागण्याआधीच घरोघर जाऊन भट्टी कुठल्या गावाजवळ आहे ते विचारून ठेवावं, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड भरून द्यावं, पुढची पुस्तकं बरोबर द्यावीत. मागे आजी राहणार असेल तर तिच्याकडे मूल ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे तेव्हाच बोलावं. भट्टीवर सगळे गेल्यावर नुसतं कुलूप भेटतं.

हे कोडं जुनंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या दोघींनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेव्हा तोही ठाणे जिल्हाच. पालघर २०१४मध्ये वेगळा झाला. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. कुरणशाळा हे तिचं नाव. तिथे हजेरी कशी घेत असतील, याचं मला फार कुतूहल आहे.

सकाळी गुरुजींची लोकल आसनगावकडे जाते तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीच्या मालडब्यात शेवळांच्या पाट्या ठाण्याकडे निघालेल्या असतात. टिटवाळ्याच्या आसपास कुठेतरी दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडतात. संध्याकाळी परतताना जुडी घेतली तर काकडांचे पैसे वेगळे द्यावेत. ती झाडावर चढून काढावी लागतात, आणि फांदीच्या टोकापर्यंत जायला हलकं माणूस लागतं.