रंग बसवायचा आणि सोडवायचाही

एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय मिळाला: ग्राफीन ऑक्साइडवर (कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा, त्यावर ऑक्सिजन जोडलेला) डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध बसवायचं आणि ते कर्करोगाच्या पेशीत पोचतं का ते बघायचं. औषध जुनंच, अमेरिकेत १९७४ साली मान्यता मिळालेलं. पण ते हृदयालाही इजा करतं, म्हणून त्याला वाहन हवं.

ग्राफीन ऑक्साइड मी १९५८ सालच्या हमर्स पद्धतीनं केलं. ग्राफाइटची पूड, सल्फ्युरिक आम्ल आणि चिमटीचिमटीनं पोटॅशियम परमँगनेट. तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये बाहेर चाळीस! रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून पाटीत फोडली. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर काळपट चिखल सोनेरी पिवळा झाला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग धुणं. आम्ल जाईपर्यंत सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ओता, पुन्हा करा. आठवडा गेला. अप्पा डाइंगमध्ये सुताच्या लडी रंगवायचे. ते म्हणाले, "रंग बसला का, ते धुण्याच्या पाण्याला विचारायचं." औषध बसवताना तेच केलं. लाल डॉक्सोरुबिसिन रात्रभर अंधारात ढवळत ठेवलं. त्याच्या रेणूतली सपाट कडी ग्राफीनच्या सपाट पापुद्र्याला आपसूक चिकटतात. धुण्याचं पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग नितळ.

पेशींचं काम पुण्याला होतं. थर्मासमध्ये बर्फ घालून नमुने हुतात्मा एक्सप्रेसनं नेले. पहिल्याच दिवशी फजिती. पेशींच्या खारट द्रावात माझं ग्राफीन गुठळ्या होऊन तळाला बसलं. क्षारामुळे पापुद्र्यांचं एकमेकांना ढकलणं संपतं. परत येऊन पेग नावाचं पॉलिमर जोडलं, मग टिकलं.

दुसरी फजिती जास्त लागली. पेशी जगल्या की मेल्या हे एमटीटी चाचणीत कळतं: जिवंत पेशी एमटीटी नावाच्या पिवळ्या पदार्थाला जांभळं करतात. माझ्या प्लेटमध्ये पेशी नसलेले कप्पेही जांभळे! ग्राफीन स्वतःच एमटीटीशी अभिक्रिया करत होतं. पेशीविना नुसतं ग्राफीन घातलेले कप्पे ठेवायला एका सीनियर ताईनं सांगितलं नसतं, तर मी खोटा आकडा खुशाल लिहिला असता. मग ट्रिपॅन ब्लू घालून, निळ्या झालेल्या मेलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हातानं मोजल्या. डोळे दुखले, पण आकडा खरा.

रक्ताचा सामू (पीएच) ७.४ असतो. पेशीनं गिळलेला कण ज्या पिशवीत जातो तिथे सामू ५ च्या आसपास उतरतो, आणि त्या आंबटपणात औषध ग्राफीनवरून सुटतं. चिकटलेलं असताना ते जवळजवळ चमकत नाही, सुटल्यावर चमकतं. फोटोत पेशींच्या आत लाल ठिपके दिसले.

घरी अप्पांनी मोबाइलवर तो फोटो मोठा करून पाहिला. "अगं, रंग सुटलाय की हा!"

"सुटायलाच हवा होता, अप्पा."

त्यांना ते काही पटलं नाही.