गॅलोवेच्या ॲलनची वंशावळ : हेलेनच्या आईचा प्रश्न सुटला

नैऋत्य स्कॉटलंडमधील गॅलोवेचा मध्ययुगीन सरदार ॲलन याच्या वंशावळीचा तक्ता मी हाताने काढत आहे. त्याची मुलगी हेलेन हिची आई कोण, हा मागील नोंदीपासून अडून बसलेला प्रश्न अखेर मार्गी लागला आहे. ॲलनच्या मुलींची पिढी आता शाईने पक्की करता येईल, म्हणून ही नोंद लिहीत आहे.

अडचणीचे मूळ एका तयार जेडकॉम (वंशावळीची माहिती साठवण्याच्या प्रमाण स्वरूपातील) फाइलमध्ये होते. ती ग्रॅम्प्स या वंशावळीच्या संगणकप्रणालीत घेताच हेलेन, क्रिस्टियाना आणि डर्व्होर्गिला या तिन्ही मुली ॲलनची दुसरी पत्नी, हंटिंग्डनची मार्गारेट, हिच्या पोटी जन्मल्याचे दिसू लागले. शिवाय पाँटेफ्रॅक्टचे द लेसी आणि अल्स्टरचे द लेसी ही दोन वेगळी घराणी आडनावाच्या साम्यामुळे एकत्र झाल्याने ॲलनची पहिली आणि तिसरी पत्नी सख्ख्या बहिणी ठरत होत्या. यात ग्रॅम्प्सचा दोष नाही. अनेक विवाह आणि सापत्न नाती इतक्या नेटकेपणाने सांभाळणारे दुसरे मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही. दोष आहे तो पुरावा न जोडता तयार वंशावळी पसरवण्याच्या सवयीचा.

ॲलनने मार्गारेटशी विवाह केला तो १२०९ मध्ये. त्याआधीच्या पत्नीचे नाव कोणत्याही कागदात टिकलेले नाही. अभ्यासक तिला पाँटेफ्रॅक्टच्या द लेसी घराण्यातली मानतात. हेलेन तिची मुलगी की मार्गारेटची, हे जन्मनोंदींवरून ठरणे शक्यच नव्हते, कारण तशा नोंदी त्या काळी ठेवल्या जात नसत. त्यामुळे मी जन्माचा नाद सोडून जमिनीचा माग काढायचे ठरवले, आणि तिथेच उत्तर मिळाले.

१२३४ मध्ये ॲलन वारला आणि डंड्रेनन मठात त्याचे दफन झाले. औरस मुलगा नसल्याने स्कॉटलंडचा राजा दुसरा अलेक्झांडर याने गॅलोवेची वाटणी तिन्ही मुलींमध्ये केली. बाप एकच असल्याने या वाटणीवरून आईबद्दल काहीच कळत नाही. मात्र १२३७ मध्ये मार्गारेटचा भाऊ जॉन, म्हणजे चेस्टर आणि हंटिंग्डनचा अर्ल (एक सरदारी किताब), निपुत्रिक वारला आणि त्याचा वारसा त्याच्या बहिणींच्या वंशाकडे गेला. मार्गारेटच्या बाजूने तेथे फक्त क्रिस्टियाना आणि डर्व्होर्गिला ही दोन नावे येतात. हेलेनचा पती रॉजर द क्विन्सी हा विंचेस्टरचा अर्ल होता. पत्नीचा हक्क असता तर इतक्या मोठ्या मालमत्तेवर त्याने पाणी सोडले असते, हे मला मुळीच पटत नाही. १२९१-९२ मध्ये स्कॉटलंडच्या गादीचा वाद उभा राहिला, तेव्हाही डर्व्होर्गिलाचा मुलगा जॉन बेलियल याने आईच्या, म्हणजे मार्गारेटकडून आलेल्या राजघराण्याच्या, नात्याने दावा मांडला आणि तो राजा झाला. हेलेनच्या वंशजांपैकी कोणीही तिच्या नात्याने गादी मागितली नाही. मार्गारेटची थोरली मुलगी म्हणून हेलेनचा हक्क खरोखर असता, तर डर्व्होर्गिलाच्या मुलाला हा मार्ग मोकळा मिळाला नसता. त्यामुळे हेलेनची रेघ आता त्या अनामिक पहिल्या पत्नीकडे जाते, आणि तिच्या चौकोनात नावाची जागा मी मुद्दाम कोरी ठेवली आहे.

ॲलनचा अनौरस मुलगा टॉमस तुटक रेघेने जोडला आहे. बापामागे गॅलोवेच्या लोकांनी त्याच्यासाठी बंड केले, ते मोडले गेले, आणि बार्नार्ड कॅसलमध्ये कैदेत पडलेला हा माणूस १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने सोडला तोवर म्हातारा झाला होता. अशा माणसाला तक्त्याच्या कडेला ढकलणे मला योग्य वाटत नाही, म्हणून त्याचा चौकोन बहिणींच्याच ओळीत राहील.

सनदांतील माणसे पडताळण्यासाठी मध्ययुगीन स्कॉटलंडच्या व्यक्तींची पीओएमएस ही विनामूल्य माहितीसूची अतिशय उपयोगी पडते. एकाच नावाची माणसे तिथे जितक्या काळजीने वेगळी केली आहेत, तितकी अन्यत्र क्वचितच दिसतात. कागदाबाबत मात्र निर्णय बदलला आहे. हातकागद दिसतो सुंदर, पण बारीक निबेची शाई त्यावर पसरते, त्यामुळे अंतिम तक्ता जाड कार्ट्रिज (चित्रकलेच्या) कागदावर होईल.

हे लिहीत असतानाच तक्त्याच्या माथ्याची कल्पनाही बदलते आहे. तिथे मी केवळ गॅलोवेचा मुकुटधारी सिंह काढणार होतो. परंतु ऑक्सफर्डमधील बेलियल कॉलेजच्या १२८२ च्या नियमावलीला लावलेल्या डर्व्होर्गिलाच्या मुद्रेत तिच्या हातांत बेलियल आणि गॅलोवे यांच्या ढाली आहेत, तर दोन्ही बाजूंना चेस्टर आणि हंटिंग्डनच्या ढाली टांगलेल्या आहेत. पती, पिता आणि आईच्या बाजूची दोन्ही घराणी तिने स्वतःच इतक्या स्पष्टपणे मांडली असताना आपण वेगळी सजावट का करावी? त्या चार ढालींनाच आता माथ्यावर जागा मिळेल.

दुसरी भर कॉन्स्टेबलपदाची, म्हणजे राजाच्या सैन्याशी निगडित एका मोठ्या वंशपरंपरागत पदाची. विल्यम द मॉरव्हिल ११९६ मध्ये वारला, तेव्हा ॲलनचा पिता रोलंड याने पत्नी हेलेन द मॉरव्हिल हिच्या हक्काने, राजाला ७०० मार्क (तेव्हाचे हिशेबी चलन) देऊन, हे पद मिळवले. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये ॲलनचा उल्लेख स्कॉटलंडचा कॉन्स्टेबल असाच आहे. पुढे ते ॲलनची मुलगी हेलेन हिच्यामार्फत रॉजर द क्विन्सीकडे आणि नंतर बखनच्या कॉमिन घराण्याकडे गेले. या पदासाठी लाल शाईची स्वतंत्र रेघ ओढायची आहे, आणि त्यासाठी रॉजरच्या तिन्ही मुलींचे चौकोन थोडे उजवीकडे सरकवावे लागतील. पुढील नोंदीत तो भाग दाखवेन.